माजाचे तीन आठवडे
नाकाची चाकरी : लेखांक सातवा

श्वानपथकात एक विषय सगळ्यांना माहीत असतो, पण कागदावर क्वचितच येतो. कुत्री माजावर आली की तिच्या कामाचं काय करायचं? ‘मादी नकोच, माजावर येते’ असं म्हणून पुष्कळ जण तो तिथेच मिटवतात. मला हे उत्तर मान्य नाही. का ते आज सविस्तर सांगतो.

कुत्री पहिल्यांदा माजावर येते ती सहा महिन्यांची झाल्यावर केव्हातरी. मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षही लागतं. पुढे बहुधा वर्षातून दोनदा. माज तीन आठवड्यांचा धरून चालावं. सुरुवातीच्या आठ-दहा दिवसांत योनी सुजते, केनेलच्या फरशीवर लाल थेंब दिसतात, ती सारखी स्वतःला चाटत राहते आणि फिरायला नेलं की चार पावलांवर थांबून थोडं थोडं मुतते. नर मागे लागतात, पण ती अंगाला लागू देत नाही. मग थेंबांचा रंग फिका पडत जातो. कमरेवर हात ठेवला की शेपटी एका बाजूला वळते. नवखा हस्तक, म्हणजे कुत्रं हाताळणारा जवान, नेमका इथे फसतो. रक्त फिकं झालं म्हणजे माज सरला असं समजून तो तिला बाकीच्या कुत्र्यांत आणतो, आणि ती नर घ्यायला तयार असण्याचे दिवस तर तेव्हाच सुरू झालेले असतात.

स्पर्धांच्या जगात यावर दोन तऱ्हेचे नियम आहेत. अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे अजिलिटीत, ब्रिटन आणि अमेरिकेच्या केनेल क्लबांनी माजावरच्या कुत्रीला बंदी केली आहे. युरोपातल्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाने वेगळा रस्ता काढला: तिला उतरू द्यायचं, पण इतरांपासून लांब ठेवायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी सोडायचं. मला हाच नियम शहाणपणाचा वाटतो. मैदानावर सगळी कुत्री एकाच गवतावरून जातात. ती आधी गेली तर तिचे थेंब मागे राहतात आणि नंतरच्या नराची परीक्षा बिघडते. ती शेवटी गेली तर कुणाचंच नुकसान नाही, तिची वर्षभराची मेहनतही वाया जात नाही. पोलीस कर्तव्य मेळाव्यात श्वानांच्या स्पर्धा भरतात, तिथेही हाच क्रम असावा.

मैदानावर क्रम लावता येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या रस्त्यावर तो कोण लावणार?

आलापल्लीहून भामरागडकडे येणारी सडक जंगलातून, नाल्यांवरून येते. रोड ओपनिंगला, म्हणजे रस्ता सुरक्षित आहे का ते पाहायला, निघालेल्या पार्टीपुढे कुत्रं चालतं ते या सडकेच्या मोऱ्या आणि रपटे तपासायला. भूसुरुंगाने या जिल्ह्यात काय केलं ते सांगायला नको. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ एकाच स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. आणि याच रस्त्यांवर माडिया आदिवासींच्या गावांतली कुत्री मोकळी फिरतात. गावठी कुत्र्यांचा माज म्हटलं की आपल्याकडे भादवा. त्या महिन्यात एका मोरीवर किती कुत्र्यांनी काय लिहून ठेवलं असेल!

अशा मोरीवर नर लॅब्रॅडॉर थांबला, तर तो कशासाठी थांबला हे हस्तकाला कळलं पाहिजे. शोधात असलेलं कुत्रं तोंड मिटून भराभर हुंगतं, वासाच्या उगमाकडे सरकत जातं आणि शिकवल्याप्रमाणे बसतं. कुत्रीच्या मुतावर अडकलेला नर एकाच जागी नाक रोवतो, चाटतो, दात कटकट वाजवतो, तोंडाला फेस आणतो आणि बहुधा पाय वर करतो. वरच्या दातांच्या मागे, टाळूवर, त्याचं या वासासाठीचं वेगळं इंद्रिय असतं. चाटणं आणि दात वाजवणं त्या इंद्रियापर्यंत वास पोचवण्यासाठी. अशा वेळी दोरी हिसडून ओरडू नये. शांतपणे पुढे काढावं, आणि तो पुन्हा कामाला लागल्यावर ती मोरी नव्याने तपासून घ्यावी. ती तपासलेली धरू नये, हे महत्त्वाचं.

याची तयारी प्रशिक्षणातच व्हायला हवी. माजावरच्या कुत्रीचं मूत कापसावर घेऊन घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत गोठवून ठेवता येतं. सरावात तो कापूस शोधाच्या वाटेवर ठेवायचा. नर त्याला ओलांडून खऱ्या वासावर बसला की लगेच चेंडू. नराच्या नाकाला विक्स चोळण्याचा उपाय काही जण सांगतात. घरच्या कुत्र्याचं माहीत नाही, पण स्फोटक शोधणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तो अजिबात करू नये. ज्या नाकावर माणसांचे जीव टांगलेले आहेत ते बधिर कसलं करायचं?

आता कुत्रीकडे वळू. माजात काही कुत्र्या सुस्तावतात, काही नेहमीसारख्या काम करतात. हस्तकाने वहीत तारखा आणि कामाची नोंद ठेवली तर दोन-तीन माजांत तिचा स्वभाव कळतो. लोकांच्या ध्यानात न येणारा काळ पुढे आहे. माजानंतर सहा-आठ आठवड्यांनी, नर लागलेला नसतानाही, काहींना खोटा गाभ राहतो. आचळांत दूध येतं, ती कोपरा उकरते, बक्षिसाचा चेंडू पिलासारखा पोटाशी घेते आणि परत देत नाही. हस्तकाला वाटतं कुत्री हट्टी झाली. तिला मारू नये, चेंडू काही दिवस दूर ठेवावा.

याच सुमारास गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. खाणं सोडलं, पाणी फार पिऊ लागली, की थांबू नये. यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते आणि भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं तर रस्ताच बंद. म्हणून जिच्यापासून पिलं घ्यायची नाहीत, तिचं गर्भाशय वेळेवर काढून घ्यावं असं माझं मत आहे. मात्र माज संपून दोन-तीन महिने जाऊ द्यावेत, आणि मोठ्या जातीत वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं. गोल्डन रिट्रिव्हरवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार जास्त दिसले होते. कामाच्या कुत्रीला सांधे नाकाइतकेच लागतात.

पुढच्या आठवड्यात : पावसानंतरची ओली माती आणि वासाचं बदललेलं वागणं.