ट्रॅक्टरची वाढीव वॉरंटी : वर्षे नव्हे, तास पाहा

गट कार्यालयात ऊस नोंदीला आलेले सभासद हल्ली हमखास विचारतात : नव्या ट्रॅक्टरला डीलर वाढीव वॉरंटीचे पैसे मागतोय, भरावेत काय?

आम्ही म्हणतो, आधी तास मोजा. वॉरंटी 'इतकी वर्षे किंवा इतके तास, जे आधी होईल ते' अशी असते. वर्षे डीलर मोठ्याने सांगतो, तास छापील कागदात राहतात. समजा, ६ वर्षे किंवा ६,००० तास लिहिलेत. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हंगामात १५० दिवस रोज १० तास चालला, की १,५०० तास झाले. म्हणजे ४ हंगामांत वॉरंटी खलास! घरच्या शेतीत वर्षाला ४०० तास चालवणाऱ्याला सहाही वर्षे मिळतील, पण त्याचा ट्रॅक्टर मोडणार तरी किती?

शिवाय क्लच प्लेट, ब्रेक लायनर, टायर हे झिजणारे भाग बहुधा यात नसतातच, आणि वाहतूकवाल्याचा खर्च तर तिथेच. ट्रॉल्या क्षमतेबाहेर भरल्या, किंवा गावच्या मिस्त्रीने इंजिन उघडले, तर दावा नाकारायला आयतेच कारण. (खेपांच्या घाईत सर्व्हिस कशी चुकते, ते आम्ही रोज पाहतो.)

तेव्हा वाहतूक करार असेल, सर्व्हिस वेळेवर करणार असाल आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीपेक्षा रक्कम बरीच कमी असेल, तरच घ्या. घरच्या शेतीपुरत्या ट्रॅक्टरसाठी ती रक्कम कर्जात घालून व्याज भरणे आम्हाला पटत नाही.

स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या ट्रॅक्टरचा दावा अन्यायाने नाकारला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सोबत सर्व्हिसची बिले जोडावीत, त्यांवर मीटरचे तास लिहून घेतलेले असावेत.