लोडखालची बॅटरी

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर छापलेला ‘150 एएच’ हा आकडा एका अटीवर खरा असतो. घरगुती बॅटरीची क्षमता साधारणपणे 20 तासांच्या हिशोबाने मोजतात. 7.5 अँपिअर प्रवाह सलग 20 तास देऊन शेवटी व्होल्टेज 10.5 वर आले, तर ती बॅटरी 150 अँपिअर-तासांची. प्रवाह वाढवला की त्याच बॅटरीची क्षमता कमी भरते. विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये हा संबंध सूत्रात बसवला.

धाराशिव जिल्ह्यातले वाशी हे बालाघाटच्या पठारावरचे तालुक्याचे गाव. इथल्या एखाद्या घरात लाइट गेल्यावर दोन दिवे आणि एक पंखा चालला, तर बॅटरीतून आठ-नऊ अँपिअर जातात आणि रात्र सहज निघते. एखाद्या दुकानात पंखे, दिवे आणि संगणक मिळून 400 वॅटचा लोड असेल, तर इन्व्हर्टरमधली घट धरून प्रवाह 39 अँपिअरच्या आसपास जातो. साधा भागाकार पावणेचार तासांचा बॅकअप सांगतो. पॉइकर्टचा घातांक 1.2 धरला, तर उत्तर पावणेतीन तास येते.

मधला एक तास जातो तो प्लेटच्या छिद्रांत. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि गंधकाम्ल खर्ची पडते. छिद्रांतले आम्ल संपले की बाहेरचे आत झिरपावे लागते, आणि ते सावकाश झिरपते. लोड मोठा असेल तर मागणी पुढे धावते, झिरपणे मागे राहते आणि व्होल्टेज कोसळते. म्हणूनच ‘बसलेली’ बॅटरी तासभर विसावली की पुन्हा दिवा लावते. राहिलेला साठा हलक्या लोडला मिळतो.

सोयाबीनच्या रानात हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. पाठीवरच्या ‘बारा बाय आठ’ फवारणी पंपात 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची छोटी बॅटरी असते. सकाळी नोझलमधून तुषारांचा रुंद पंखा पडतो. चार्ज उतरत आला की मोटरीचा आवाज जड होतो, दाब घटतो, पंखा आकसतो आणि थेंब मोठे पडू लागतात. औषध पानावर सारखे बसत नाही, म्हणजे बॅटरीचे दुखणे थेट पिकापर्यंत जाते.

मोकळ्या बॅटरीला मीटर लावला तर 12.4 व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. बॅटरीत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी दुबळा असला तरी लोड पडताच आकडा 10 च्या खाली घसरतो. हायड्रोमीटर तो सेल नेमका दाखवतो: पाच सेलमध्ये घनता 1.230, सहाव्यात 1.150. कधी दोष टर्मिनलवरच्या हिरव्या-पांढऱ्या खारीचा असतो. तिथे 0.02 ओहमचा अडथळा असेल, तर 40 अँपिअरला 0.8 व्होल्ट तिथेच जातात आणि जोड तापतो. मराठवाड्याचा उन्हाळा वेगळेच नुकसान करतो. गरम बॅटरी तेवढ्यापुरता लोड बरा घेते, पण 25 अंशांच्या वर तापमान गेले की दर 10 अंशांच्या वाढीला आयुष्य साधारण निम्म्यावर येते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत मोठ्या लोडची ही घट फार थोडी असते. मात्र विहिरीवरच्या 3 एचपी मोटरीपुढे घरगुती बॅटरीचे काहीच चालत नाही. 12 व्होल्टवर त्या मोटरीला किमान 187 अँपिअर लागतील आणि 150 एएचची शिसे-आम्ल बॅटरी अर्धा तासही टिकणार नाही. सौर कृषी पंप बॅटरीविना थेट पॅनेलवर चालतात त्यामागे हाही हिशोब आहे.

बॅकअप कमी झाला म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नये. आधी टर्मिनल साफ करावेत, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी, बॅटरी पूर्ण चार्ज करून सहाही सेलची घनता घ्यावी, आणि व्होल्टेज मोजायचे ते पंखा-दिवे चालू ठेवूनच.