हिमस्खलन-बचाव प्रशिक्षण

हिमस्खलन-बचाव प्रशिक्षण : हिमाच्छादित डोंगराळ प्रदेशात हिवाळ्यात पायी वा स्कीवरून प्रवास करणाऱ्यांना, हिमस्खलनात (हिमलोटात) गाडल्या गेलेल्या सोबत्याचा शोध घेऊन त्याची सुटका करण्याचे प्रत्यक्ष सरावाने दिले जाणारे शिक्षण. गाडलेल्या व्यक्तीचे प्राण बहुधा दुरून येणाऱ्या पथकाच्या नव्हे, तर जागेवरील सोबत्यांच्या हाती असतात, हे या प्रशिक्षणाचे मूलतत्त्व होय.

कालमर्यादा : हिमस्खलनातील मृत्यूचे प्रमुख कारण श्वासावरोध हे असून आघातामुळेही काही मृत्यू ओढवतात. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या काळातील घटनांचे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९०% हून अधिक जण वाचतात. ३० मिनिटांपर्यंत हे प्रमाण सु. ३१ टक्क्यांवर येते. म्हणून सर्व क्रिया विचार न करता घडाव्यात इतक्या अंगवळणी पडणे आवश्यक असते.

साधने व कृती : प्रत्येकाजवळ ट्रान्सिव्हर (संदेश पाठविणारे व ग्रहण करणारे यंत्र), घडीची शोधकाठी व धातूचे फावडे असावे लागते. ट्रान्सिव्हर ४५७ किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर चालतो. प्रवासात सर्वांची यंत्रे प्रेषणस्थितीत असतात व निघण्यापूर्वी ती तपासली जातात. हिमस्खलन होताच सोबती अखेरचा कोठे दिसला ते ध्यानात ठेवून, पुन्हा हिम घसरण्याचा धोका नाही हे पाहून, उरलेले सर्वजण यंत्रे ग्रहणस्थितीत आणतात. संदेश मिळाल्यावर दर्शविलेले अंतर कमी होत जाईल त्या दिशेने जावयाचे असते. अगदी जवळ आल्यावर यंत्र हिमपृष्ठालगत फिरवून सर्वांत कमी अंतराची जागा निश्चित करतात. तेथून शोधकाठी पृष्ठभागाशी काटकोनात, सु. २५ सेंमी. अंतराने, वर्तुळाकार वाढत्या क्रमाने खुपसतात. काठी शरीराला लागली, की ती तशीच ठेवतात.

थांबलेल्या हिमलोटातील हिम घट्ट दाबले गेलेले असते; त्यामुळे खणण्यास सर्वाधिक वेळ लागतो. काठीच्या थेट वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने खणत आत जातात व मागचे सोबती हिम मागे सारतात. प्रथम डोके व छाती मोकळी करून तोंड व नाक स्वच्छ करतात. श्वास बंद असल्यास कृत्रिम श्वसन सुरू करतात. शरीर थंडगार झालेल्या व्यक्तीस आडवे ठेवून हळुवारपणे हलवावे लागते.

भारतातील स्थिती : दार्जिलिंग येथील हिमालयन मौंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्था. १९५४) व उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था (स्था. १९६५) या गिर्यारोहणाचे शिक्षण देणाऱ्या प्रमुख संस्था होत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी संस्थेच्या प्रगत वर्गाचे पथक द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलनात सापडले व २७ जणांचे मृतदेह हाती आले. शिक्षित व्यक्तीही निसर्गापुढे सुरक्षित नसते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमधील सोनम चौकीवर गाडल्या गेलेल्या दहा जवानांपैकी एकजण सहा दिवसांनी जिवंत सापडला; परंतु तोही पुढे मृत्यू पावला. मृतांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता.

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. मात्र येथून असंख्य गिर्यारोहक व जवान हिमालयात जातात. जालन्यासारख्या पठारी जिल्ह्यातील नांगरटीच्या रानातही यंत्र पुरून संदेशशोधनाचा सराव करता येतो. परंतु घट्ट हिम खणणे आणि धोक्याचा उतार ओळखणे हे प्रत्यक्ष हिमप्रदेशातच शिकावे लागते. बहुतेक हिमस्खलने ३०° ते ४५° उतारांवर होतात. असे उतार टाळणे हा सर्वांत खात्रीचा बचाव होय.