डोंगरवाटा आणि दुचाकीचे दंतगुणोत्तर

नंदुरबार जिल्ह्याची भूमी दोन भिन्न प्रकृतींची आहे. दक्षिणेस तापीचे सपाट खोरे, तर उत्तरेस नर्मदेपर्यंत पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा. शहाद्याहून निघालेली मोटारसायकल तोरणमाळला पोहोचेपर्यंत एक हजार मीटरांहून अधिक उंची गाठते. अक्राणी तालुक्यातील डोंगरपाड्यांकडे वळल्यास तिला सडक सोडून दगडगोट्यांची अरुंद वाट धरावी लागते. मागे माणूस वा धान्याचे पोते असले की अशा चढावर 'गाडी ओढत नाही'. हा दोष इंजिनाचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो दातांच्या प्रमाणाचा असतो.

इंजिनाची गती साखळीवाटे मागील चाकास मिळते. साखळी ज्या दोन दंतचक्रांवर फिरते, त्यांस कारागीर 'स्प्रॉकेट' म्हणतात. पुढील चक्रास 13 व मागील चक्रास 39 दात असल्यास त्यांचे गुणोत्तर 3 होते. पुढे 13 ऐवजी 12 दातांचे चक्र बसविले, तर ते 3.25 होते, म्हणजे चाकावरील ओढ सुमारे 8 टक्क्यांनी वाढते. मागे 42 दातांचे चक्र बसविल्यासही जवळपास तोच परिणाम साधतो. पुढचे चक्र लहान करणे आणि मागचे मोठे करणे या दिसावयास परस्परविरुद्ध कृती आहेत. त्यांचे फल मात्र एकच आहे.

तथापि दंतचक्र नवी शक्ती निर्माण करीत नाही. ते वेग देऊन ओढ घेते. ज्या फेऱ्यांवर पूर्वी ताशी 13 किलोमीटर वेग मिळे, त्याच फेऱ्यांवर आता 12 मिळेल. जेथे 65 मिळत होता तेथे 60. अरुंद वाटेवर हा तोटा नसून लाभच होय. पहिल्या गियरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालू शकली, तर चालकास क्लच अर्धवट दाबून धरावा लागत नाही आणि त्याच्या प्लेटी जळत नाहीत. उतारावरही इंजिनाचा रोध वाढून ब्रेकवरील भार हलका होतो.

याची किंमत सपाटीवर मोजावी लागते. नंदुरबारच्या रस्त्यावर तेच इंजिन अधिक फेऱ्या घेते, आवाज वाढतो व इंधनही बहुधा अधिक लागते. पुढचे चक्र फार लहान केल्यास साखळीची कडी अधिक तीव्रतेने वळून लवकर झिजते. मागचे मोठे केल्यास साखळी अपुरी पडण्याचा संभव असतो. बदल कोणताही असो, साखळीचा ताण पुन्हा जुळवून घेणे अगत्याचे आहे.

म्हणून ज्याची एकच गाडी आठवडी बाजारासही जाते आणि पाड्यावरही चढते, त्याने प्रथम पुढचा एकच दात कमी करून पाहावा. नेहमीच्या ओझ्यासह सर्वांत कठीण वळण क्लच न घासता पार झाले, की तेवढा बदल पुरेसा समजावा. त्याहून पुढे गेल्यास थोडी मूठ पिळताच गाडी झेप घेते, आणि एका अंगास दरी असलेल्या वाटेवर अशी झेप कमी ओढीहून अधिक घातक ठरते.