भात किती, तिखट किती?
जपानच्या खानावळी : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण रेल्वे स्टेशनातल्या, उभ्याउभ्या सोबा खायच्या दुकानात होतो. आजचं दुकान तितक्याच घाईचं, फक्त इथे बसायला खुर्ची मिळते. करीचं दुकान. जपानमध्ये कुठल्याही गावाच्या बाजारपेठेत, हमरस्त्याच्या कडेला, ऑफिसांच्या तळघरात ते सापडतं, आणि तिथे पहिल्यांदा जाणारा भारतीय माणूस बहुधा चव घेतो, भुवया उंचावतो आणि ‘ही कसली करी’ म्हणून चमचा खाली ठेवतो. त्याचं चुकतं असं नाही. पण या दुकानाचं कसब त्याने भलतीकडेच शोधलेलं असतं. इथे पदार्थ जवळजवळ एकच आहे. खरी करामत आहे ती मोजमापात.

सगळ्यांत मोठ्या साखळीचं उदाहरण घेऊ : कोको इचिबान्या. तुम्ही बसता, थंड पाण्याचा पेला समोर येतो (त्याचे पैसे नाहीत) आणि मग प्रश्न सुरू होतात. रस कुठला : डुकराच्या मांसाचा नेहमीचा, की गोमांसाचा? भात किती ग्रॅम? तिखट किती? वर काय घालायचं? भाताचं वजन पायरीपायरीने कमी-जास्त करता येतं आणि त्याप्रमाणे पैसेही. तिखटाची पातळी साधी, मग एक, दोन, तीन अशी चढत दहापर्यंत आणि हल्ली त्याच्याही पुढे जाते. पाचवी पातळी पहिलीच्या बारा पट तिखट, असं कंपनीचंच कोष्टक सांगतं. त्यात एक नियम मला फार आवडतो : पाचवी पातळी आधी खाऊन झालेली नसेल तर सहावी मागायची नाही. कोणी दाखला तपासत नाही, पण नियम छापलेला असतो. तिखटाची फुशारकी मारणाऱ्यांना इतक्या सभ्यपणे आवरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

वर घालायच्या गोष्टींची यादी मात्र अघळपघळ. पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा तुकडा, म्हणजे कात्सु, हा मानकरी. शिवाय तळलेली कोळंबी, चीज, पालक, वांगी, उकडलेलं अंडं, सॉसेज, आणि आंबवलेल्या सोयाबीनचा तो तारा सुटणारा नात्तोसुद्धा. दोन-तीन गोष्टी एकत्र घ्यायला हरकत नाही. हिशेब करून पाहा : चार-पाच साध्या प्रश्नांतून हजारो वेगवेगळ्या थाळ्या निघतात, आणि स्वयंपाकघरात मात्र रसाचं तेच पातेलं.

ही कल्पना उच्चभ्रू शेफच्या डोक्यातून आलेली नाही. तोकुजी मुनेत्सुगु आणि त्यांची बायको नागोयामध्ये एक कॉफीचं दुकान चालवत होते. तिथे बायकोने घरच्या पद्धतीची करी ठेवली, ती खपू लागली, आणि १९७८ मध्ये नागोयाच्या लगतच्या निशिबिवाजिमा गावात त्यांनी फक्त करीचं दुकान काढलं. सुरुवातीच्या काळात १३०० ग्रॅम भाताची थाळी वीस मिनिटांत संपवणाऱ्याला ती फुकट, असा खेळही होता. पुढे दुकानं वाढली ती एका वेगळ्या पद्धतीने. कोणीही पैसे भरून शाखा घ्यायची नाही, आधी कंपनीत नोकरी करायची, पायऱ्या चढायच्या आणि मग स्वतःचं दुकान काढायचं. मुनेत्सुगु पन्नाशीतच बाजूला झाले आणि नागोयात शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतासाठी त्यांनी एक सभागृह बांधलं. कंपनी २०१५ मध्ये हाऊस फूड्सच्या ताब्यात गेली. हे तेच हाऊस, ज्याची सफरचंद आणि मधाची ‘व्हर्मांट करी’ १९६३ पासून जपानी घरांत शिजते आहे.

आता त्या रसाकडे येऊ. आपल्याकडे कढीला डाळीचं पीठ लावतात, तसं इथे मैदा लावतात, पण आधी चरबीत किंवा लोण्यात खरपूस भाजून. त्यात करी पावडर. मग कांदा, गाजर, बटाटा, मांस आणि बराच वेळ. हळद, धणे, जिरे, मेथी सगळं आत असतं, पण फोडणी नाही, चिंच नाही, खोबरं नाही, कढीपत्ता नाही. गोडसर, जाड, तपकिरी, मांसाच्या अर्काने भारलेला हा रस चिकटसर आखूड भाताच्या शेजारी ओततात, भातावर पसरत नाहीत. खायचं चमच्याने, भात आणि रस यांच्या सीमेवरून, एकेक घास उचलत. सगळं आधीच कालवून टाकणं बहुतेकांना खटकतं. ओसाकातलं १९१० पासूनचं जियूकेन मात्र याला अपवाद. तिथे भात आधीच करीत कालवून येतो आणि मधोमध कच्चं अंडं फोडलेलं असतं.

मैद्याचा मार्ग भारतातून जपानला गेलेला नाही. तो गेला इंग्लंडमार्गे. मेजी राजवटीत पाश्चात्त्य वस्तूंची जी लाट आली, तीत क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीची डबाबंद करी पावडरही होती. जपानी माणसाच्या दृष्टीने हे विलायती जेवण होतं, भारतीय नव्हे. १८७२ मध्ये छापलेल्या पाककृतींच्या एका पुस्तकात करीत कोंबडी, कोळंबी, कालवं यांच्या जोडीला बेडूक घालायला सांगितला आहे. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेला निघालेल्या यामाकावा केन्जिरो नावाच्या सामुराई घराण्यातल्या मुलाने जहाजावर करी-भात पाहिला आणि नुसता भात खाऊन वेळ मारून नेली. हा मुलगा पुढे टोक्यो विद्यापीठाचा अध्यक्ष झाला.

ती विलायती चीज घराघरांत नेली ती मोठ्या पातेल्यांनी. नौदलाने १९०८ मध्ये आपल्या स्वयंपाक्यांसाठी जे पुस्तक काढलं, त्यात करी-भाताची कृती आहे : गोमांसाच्या चरबीत पीठ परतायचं, करी पावडर घालायची, मांस आणि भाज्या शिजवायच्या. शेकडो खलाशांना एकदम, एकाच चवीचं, पोटभर आणि पोषक जेवण देण्याची ती सोय होती. पांढऱ्या भातावर जगणाऱ्या जपानी खलाशांना बेरीबेरीने ग्रासलं होतं आणि नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८० च्या दशकात आहार बदलून तो रोग आटोक्यात आणला होता. त्यानंतर नौदलात जेवणाची बाब गंभीर झाली. आजही जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलात शुक्रवारी करी असते आणि प्रत्येक जहाजाची कृती वेगळी. योकोसुका या नौदलाच्या गावात ही करी कोशिंबीर आणि दुधाच्या पेल्यासोबत वाढतात. करी-भाताबरोबर दूध ही जोडी माझ्या गळी अजून उतरलेली नाही.

पुढे मसाला आणि भाजलेला मैदा यांची चॉकलेटसारख्या खाचांची वडीच बाजारात आली. तुकडे मोडा, पाण्यात विरघळवा. १९६८ मध्ये ओत्सुकाने ‘बॉन करी’ आणली, उकळत्या पाण्यात पिशवी गरम करून भातावर ओतायची. म्हणजे नौदल, वडी, पिशवी, सगळीकडे तीच धडपड : चव पक्की करा, कोणीही केली तरी तीच यायला हवी. करीच्या दुकानाने या पक्क्या चवीवर एकच गोष्ट चढवली, ती म्हणजे गिऱ्हाइकाचा हट्ट. एकटा जेवायला आलेला माणूस, काउंटरवर बसलेला, कोणाशी न बोलता आपल्याला हवं तेवढंच आणि हवं तसंच मागतो आणि पाव तासात बाहेर पडतो. त्याच्या आजूबाजूचेही बहुतेक तसेच.

याच्या अगदी उलट टोकाची करीही जपानमध्ये आहे, आणि तिच्यामागे एक भारतीय आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांच्या हातून निसटून जपानला पोचले. शिंजुकूतल्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना दडवून ठेवलं. त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचं लग्न झालं, आणि ती १९२५ मध्ये अकाली गेली. १९२७ मध्ये नाकामुरायाने खाद्यगृह काढलं तेव्हा बोस यांच्या आग्रहामुळे तिथे भारतीय पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली : हाडासकट मांस, खरे मसाले. रस्त्यावरची करी दहा-बारा सेनला मिळत असताना हिची किंमत होती ऐंशी सेन. तरी ती खपली, आणि नाकामुराया आजही ती वाढतं. तिथे तिखट किती हे स्वयंपाकी ठरवतो, आणि ते बरोबरच आहे.

टोक्योतल्या जिंबोचो या जुन्या पुस्तकांच्या पेठेतही स्वयंपाक्याचाच शब्द चालतो. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात चमचा, म्हणून इथे करी रुजली असं म्हणतात. मला ते जरा जास्तच गोड वाटतं, कारण करीचा डाग पुस्तकावर पडला तर ते विकत घ्यावं लागेल. १९२४ पासूनचं क्योएइदो आपल्या काळपट ‘सुमात्रा करी’साठी ओळखलं जातं. बॉन्दीमध्ये करीच्या आधी उकडलेले बटाटे आणि लोणी समोर येतं. कानाझावाची करी आणखी निराळी : स्टीलची ताटली, जवळजवळ काळा रस, कात्सु, चिरलेल्या कोबीचा ढीग आणि चमच्याऐवजी काटा. तिथल्या पद्धतीने २००४ मध्ये शिंजुकूत निघालेल्या गो गो करीत थाळीच्या मापांना इकॉनॉमी, बिझनेस, फर्स्ट क्लास अशी विमानातली नावं आहेत. तिथे आधी यंत्रात पैसे घालून तिकीट घ्यायचं आणि मग बसायचं.

ताटाच्या कडेला जे लाल-तपकिरी, गोड-खारट लोणचं असतं, त्याला फुकुजिनझुके म्हणतात. मुळा, वांगं, कमळकाकडी अशा भाज्या सोयासॉसमध्ये मुरवलेल्या. नाव सात भाग्यदेवतांवरून आलं, आणि त्या सातांत आपली सरस्वतीही आहे, बेन्झाइतेन या नावाने. हे लोणचं डब्यात टेबलावरच ठेवलेलं असतं, हवं तेवढं घ्यावं.

ऑगस्ट २०२० मध्ये कोको इचिबान्याने गुरुग्राममध्ये दुकान काढलं. डुक्कर आणि गाय बाजूला ठेवून कोंबडी आणि भाज्या घेतल्या, पण प्रश्नांची रांग तीच ठेवली.

जपानला जाणाऱ्या शाकाहारी वाचकांसाठी मात्र एक खबरदारी, कारण यावर पत्रं येतातच. फळ्यावर ‘भाजीची करी’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच, की वर भाज्या आहेत. खालचा रस बहुधा मांसाच्याच अर्काचा असतो. बाजारातल्या वड्यांतही प्राण्यांची चरबी आणि मांसाचा अर्क सर्रास. कोको इचिबान्याच्या बऱ्याच दुकानांत प्राणिज घटक नसलेली वेगळी करी मिळते, ती नाव घेऊन मागावी आणि वर तळलेलं काही घेऊ नये, कारण कढई वेगळी असेलच असं नाही. ज्यांना एवढी चौकशी नको, त्यांनी टोक्योतल्या निशी-कसाईला जावं. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे आणि जेवणही आपलं मिळतं.

पुढच्या आठवड्यात : इझाकाया, म्हणजे संध्याकाळी सातनंतरचं जपान.