डांबराचा डाग आणि रॉकेलचे रसायन

पावसाळा तोंडावर आला, की बांधकाम खात्याची डांबरीकरणाची लगबग सुरू होते आणि ताज्या रस्त्यावरून गेलेल्या मोटारीच्या मडगार्डामागे व दारांच्या खालच्या अंगाला काळे, चिकट शिंतोडे उमटतात. साबणपाण्याला ते दाद देत नाहीत, म्हणून नखाने अथवा पात्याने ते खरवडण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. या चिवटपणाचे मूळ रसायनात आहे. हल्ली रस्त्यावर पडणारे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे काढल्यावर तळाशी उरणारा जड अवशेष होय. त्याचे रेणू प्रामुख्याने कार्बन व हायड्रोजन यांचे असल्याने पाण्याशी त्यांचे सख्य जमत नाही. रॉकेल मात्र त्याच खनिज तेलाच्या घराण्यातले, त्यामुळे त्याचे हलके रेणू डांबराच्या जड रेणूंत शिरून त्यांची परस्परांवरील पकड सैल करतात आणि घट्ट काळ्या ठिपक्याचा पातळ, तपकिरी ओघळ होतो.

मग त्याच रॉकेलने मोटारीचा रंग का उतरत नाही? कारखान्यातील भट्टीत पक्क्या झालेल्या रंगाच्या वरच्या पारदर्शक थराचे रेणू रासायनिक बंधांनी एकमेकांशी जखडलेले असतात व सौम्य द्रावकाला ते बंध तोडता येत नाहीत. परंतु हा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकाच जाड असतो. आणि डांबरात रुतलेले खडीचे व वाळूचे कण त्याहून पुष्कळच कठीण असल्याने कोरडे घासणे हे ओरखड्यांना निमंत्रणच ठरते.

यास्तव गाडी सावलीत उभी करून, पत्रा थंड झाल्यावर प्रथम धूळ व चिखल पाण्याने धुऊन काढावा. नंतर रॉकेलमध्ये किंचित भिजविलेले मऊ फडके डागावर दोन-तीन मिनिटे नुसते टेकवून ठेवावे, डाग सुटू लागताच हलक्या हाताने टिपून घ्यावा आणि फडक्याची स्वच्छ बाजू वरचेवर बदलावी. अखेरीस मागे राहिलेला तेलकटपणा गाडीच्या शांपूने धुवावा व वॅक्सचा हात फिरवावा. रबराच्या पट्ट्यांना रॉकेल लागू देऊ नये, कारण ते रबर फुगविते. आणि गॅरेजमध्ये नव्याने रंगविलेल्या भागावर आधी आडबाजूला परीक्षा घ्यावी. थिनर रंगालाच मऊ करतो आणि पेट्रोलची वाफ क्षणार्धात पेट घेते; तेव्हा या कामी दोहोंनाही सक्त मनाई असावी.