सिरॉसिसमध्ये रक्त खरंच ‘पातळ’ होतं का?

सिरॉसिसच्या (यकृतावर व्रण पडून ते कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या रिपोर्टात आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप) १.८ आणि प्लेटलेट ६० हजार दिसले, की घरात धास्ती बसते. ‘रक्त फार पातळ झालंय, सुई टोचली तरी थांबणार नाही.’ मग पोटातलं पाणी काढण्याआधी प्लाझ्माच्या पिशव्या चढवा, असा आग्रह नातेवाईकच धरतात. ही समजूत अनेक वर्षं वैद्यकातही होती. तिच्यातलं अर्धंच खरं आहे.

रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृत तयार करतं, हे सर्वांना ठाऊक असतं. पण गोठणं आवरणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनंही मुख्यतः यकृतातच तयार होतात. यकृत थकलं की तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात. शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारे फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर या आजारात वाढतात. प्लेटलेट कमी असल्याची बरीच भरपाई हा दुसरा घटक करतो. त्रिपोदी आणि मानुच्ची या इटालियन संशोधकांनी २०११ मध्ये हे चित्र सविस्तर मांडलं.

मग आयएनआर वाढलेला का दिसतो? कारण ही तपासणी वॉरफरिन हे गोठणं रोखणारं औषध घेणाऱ्यांसाठी बेतलेली आहे. तिला गोठवणाऱ्या घटकांची घट दिसते, आवरणाऱ्यांची दिसतच नाही. यकृताची कार्यक्षमता किती घसरली हे आयएनआर चांगलं सांगतो, म्हणून यकृत प्रत्यारोपणाचा क्रम ठरवणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्ये तो असतो. रक्तस्राव होईल की नाही, याचं भाकीत मात्र त्यावरून करता येत नाही.

सिरॉसिसमध्ये रक्ताची उलटी होते तिचं मूळही बहुधा वेगळं असतं. यकृतात रक्ताची वाट अडली की आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. अशा वेळी प्लाझ्मा चढवला तर रक्ताचं आकारमान वाढून हा दाब आणखी चढू शकतो. म्हणूनच पोर्टल शिरेतल्या दाबावरच्या २०२१ च्या बॅव्हेनो-७ परिषदेतल्या तज्ज्ञांनी शिरा फुटून होणाऱ्या रक्तस्रावात प्लाझ्मा देऊ नये असं सांगितलं. पोटातलं पाणी काढण्याआधीही तो सरसकट देण्याची गरज नसते. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेनं २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, शिरांखेरीज इतर कारणांनी रक्तस्राव होत असताना थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी या गुठळीची संपूर्ण घडण मोजणाऱ्या तपासणीच्या आधारे निर्णय घेतले, तर रक्तघटक कमी लागले आणि रक्तस्राव आवरण्यात फरक पडला नाही.

सर्वांत घातक समज म्हणजे, ‘याचं रक्त पातळच आहे, गुठळी होणारच नाही.’ होते. पोर्टल शिरेत होते, पायाच्या शिरांतही होते. इटलीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सिरॉसिसच्या ७० रुग्णांवरच्या चाचणीत एनॉक्सापॅरिन या गुठळीरोधक औषधाचं इंजेक्शन मिळालेल्यांत ४८ आठवड्यांत पोर्टल शिरेत एकही गुठळी झाली नाही, इंजेक्शन न मिळालेल्यांत ती झाली. आणि इंजेक्शनामुळे रक्तस्राव वाढला नाही. अर्थात हे औषध कुणाला द्यायचं, हे तज्ज्ञांनीच ठरवायचं.

हा समतोल नाजूक असतो. जंतुसंसर्ग झाला किंवा मूत्रपिंडं बिघडली, तर तो कोणत्याही बाजूला कलू शकतो. म्हणून ताप अंगावर काढू नका, मूत्रपिंडांवर ताण आणणाऱ्या दुखण्यावरच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. काळं शौच, रक्ताची उलटी, अचानक एकाच पायाला आलेली सूज, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.